दोन रकाने, बाराशे शब्द

रविवार, २३ नोव्हेंबर

आज मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्राचा पहिला वर्ग. केंद्र म्हणजे एका शाळेतला सातवी 'ब'चा वर्ग. बाकं एवढीशी की बसलं की गुडघे छातीला लागतात. आम्ही अठरा जण. एक पोलीस, दोन अंगणवाडीताई, एक काकू, त्यांचा नातू व्हरांड्यात चेंडू खेळत होता. आणि मी, ललित, वय तेवीस, एस.वाय.ला कॉलेज सोडलेला.

शिकवायला हुस्नबानो शेख मॅडम आहेत. पन्नाशीच्या असतील. आवाज हळू, पण मागच्या बाकापर्यंत पोचतो. त्यांनी फळ्यावर गृहपाठ लिहिला: दोन गोष्टींची तुलना करणारा निबंध. साम्य दिसलं पाहिजे आणि भेदही. दोन्ही गोष्टी स्वतः पाहिलेल्या हव्यात. शब्दमर्यादा बाराशे. १४ डिसेंबर, दुपारी दोनपर्यंत. दिला नाही तर परीक्षेला बसता येणार नाही, म्हणजे वर्ष गेलं.

एकदा सोडलं तेव्हा लोक म्हणाले, पोरगा तापट आहे. दुसऱ्यांदा सोडलं तर म्हणतील, पोरगा तसलाच आहे. म्हणून ही वही काढली. लिहायचा हात बसला पाहिजे.

वेदिकाला फोन केला. तिनंच प्रवेश घ्यायला लावलाय. म्हणाली, "मस्त! जमेल तुला." असं ती सगळ्यांना म्हणत नाही. आधी डिग्री पूर्ण कर, बाकीचं नंतर बघता येईल, असंही मागं म्हणाली होती. या बाकीच्यात काय येतं ते मला कळतं. दोन वर्षांपूर्वी कॉलेजात सरांनी माझा निबंध वर्गात वाचून दाखवला आणि म्हणाले, "तू शेतात जा." मी पेपर तिथंच फाडला आणि निघालो. अख्ख्या वर्गातून एकटी वेदिका गेटपर्यंत माझी बॅग घेऊन धावत आली. जिला काही वाटत नाही ती मुलगी धावते का?

मंगळवार, २५ नोव्हेंबर

फूलबाजारात भांडण. गोटीराम आडत्यानं आमच्या शेवंतीत हात फिरवला आणि दोन नंबरात टाकली. पहाटे तीनपासून तोडलेला माल, एक पाकळी काळी नाही. मी म्हटलं, "डोळे दाखवून घे, नाहीतर मी फोडून देतो म्हणजे कारण तरी राहील."

गोटीराम दादांकडं, माझ्या वडिलांकडं, बघून हसला. "मोतीरामभाऊ, पोराला थंड पाणी पाजत जा."

दादांनी काय म्हणावं? काही नाही. खाली बघून फुलांच्या जाळ्या रिकाम्या करत राहिले. आमचा टेम्पो ओवेस चालवतो. तोच मला दंडाला धरून बाहेर घेऊन आला. "भाई, तू फुलं विकायला आलाय का गोटीराम?"

घरी आल्यावर दादा संध्याकाळपर्यंत ओट्यावर बारदान शिवत बसले. जाळ्यांवर झाकायचं ते गोणपाट. फाटलेलं होतं असंही नाही. गावाला आग लागली तरी हा माणूस बारदान शिवत बसेल. बापाला राग येत नाही याची लाज वाटणं चूक आहे का? असेल. पण वाटली.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. आज बाजारात फुलाला नुसती झुंबड असते, आणि आजच्याच दिवशी दादा मला न उठवता गेले. आईला विचारलं तर म्हणाली, "झोपू दे म्हणले त्याला."

समजलो. परवाचा तमाशा नको, म्हणून मला घरी ठेवलं. ठीक आहे. दिवस मोकळा मिळाला म्हणून निबंध लिहून टाकला. 'गाव आणि शहर.' साडेतीन पानं. एका बैठकीत.

रविवार, ३० नोव्हेंबर

मॅडमनी निबंध माझ्यासमोरच वाचला. लाल पेन उघडलंसुद्धा नाही.

"ललित, हा निबंध नाही, ही कुस्ती आहे. आणि शहराचे हात तू आधीच बांधून ठेवलेस."

"म्हणजे?"

"पहिल्या ओळीत ठरलंय कोण हरणार. मग बाराशे शब्द कशाला वाचायचे मी?"

मी सांगितलं, आमच्याकडं फुलं निवडतात. एक नंबर इकडं, दोन नंबर तिकडं. तुलना म्हणजे तेच ना?

त्या हसल्या. "मी सायखेड्याची. कांद्याच्या निवडीवर बसून मोठी झालेय. तिथं ठरवायचं असतं, इथं नुसतं बघायचं असतं. आणि शहर तू बघितलंयस का? यातली एक गल्ली सांग."

एक गल्ली सांगता आली नाही. डोक्यात सणक गेली. मागून काकू म्हणाल्या, "होतं रे बाळा, माझं 'सासू आणि सून' पण परत दिलं. म्हणे, सासूची बाजू कुठंय? आता सासूच मी!"

मंगळवार, २ डिसेंबर

आज मन जाग्यावर नाही, पण लिहितो.

वेदिकाला भेटलो. नाशिक रोडला, स्टेशनसमोरच्या हॉटेलात. तिला एम.ए.ची पुस्तकं घ्यायची होती, मी म्हटलं मी येतो. तिनं पिवळा कुर्ता घातला होता. चहा गार करून पिते ती, हे मला आधी माहीत नव्हतं.

'गाव आणि शहर' वाचून ती खूप हसली. तिनं हसलेलं चालतं मला. मग तिनं बॅगेतून लिहायचं पॅड काढलं आणि मधोमध रेघ मारली. "दोन रकाने कर. डावीकडं मुद्दे लिही. प्रत्येक मुद्दा दोघांनाही विचारायचा. एकाला विचारला आणि दुसऱ्याला नाही, असं करायचं नाही. सगळे रकाने भरल्याशिवाय मत द्यायचं नाही."

"आणि मत आधीच झालेलं असलं तर?"

"तर ते तपासून बघायचं. मी पण सध्या तेच करतेय," असं म्हणून ती एकदम खिडकीबाहेर बघायला लागली. का बघितलं ते मला कळलं. मी विषय वाढवला नाही. काही गोष्टी घाईनं विचारल्या की बिघडतात, एवढं आता मलाही कळतं.

निघताना पॅड माझ्याकडंच दिलं. "राहू दे, यावरच लिही."

पॅडला तिच्या बॅगेचा वास आहे. काय वास आहे ते सांगता येत नाही, आणि मी फुलांच्या घरातला.

गुरुवार, ४ डिसेंबर

आजही दादा एकटेच गेले. मी पॅड घेऊन बसलो. विषय सुचेना म्हणून पानं उलटत राहिलो. शेवटून तिसऱ्या पानावर तिचं अक्षर. मधोमध रेघ, दोन रकाने.

एका रकान्यावर लिहिलंय 'पुणे'. दुसऱ्यावर 'ना. रोड'. मुद्दे असे: नोकरी. घरात माणसं किती. पुढं शिकू देतील का. आईबाबांपासून अंतर. आणि शेवटचा: मी बोलत असताना थांबून ऐकतो का? पुण्याखाली लिहिलंय 'हो, वाटलं तरी'. नाशिक रोडखाली 'मधेच फोन बघतो'.

स्थळं आहेत ही. दोन स्थळं. बघण्याचे कार्यक्रमसुद्धा झालेत.

मी तिसरा रकाना शोधला. पान उलटून मागं बघितलं. कोरं होतं.

मग मीच आखला. नोकरी: स्वतःचा मळा. माणसं: तीन. पुढं शिकू देणार: शंभर टक्के. अंतर: बारा किलोमीटर. ऐकतो का: तिचा शब्द न् शब्द पाठ आहे मला. सगळ्या मुद्द्यांत मी पुढं. मग मी यात नाही कसा?

उद्या जातो आणि विचारतो.

शुक्रवार, ५ डिसेंबर

गेलो होतो.

जेलरोडला त्यांची बिल्डिंग. ओवेसनं टेम्पोनं सोडलं, तो समोरच थांबला. फोन करून तिला खाली बोलावलं. ती जिन्यातून हसत आली, माझा चेहरा बघून थांबली. जसं झालं तसं लिहितो.

मी म्हटलं, "पुण्यावाला कोण?"

"आधी आवाज खाली कर."

"नाही करत. कोण?"

"तू माझं पान वाचलंस?"

"पॅड तूच दिलंस."

"लिहायला दिलं होतं, ललित."

वरच्या गॅलरीतून तिचे बाबा डोकावले. "वेदिका, कोण आहे गं?"

"मित्र आहे, बाबा. येते मी."

मित्र! मग माझा ताबा गेला. मी ओरडलो, "मित्र म्हणून गेटपर्यंत धावत आली होतीस का?"

"बॅग विसरला होतास तू! त्यात तुझा बसचा पास होता. घरी कसा गेला असतास?"

खालचा दुकानदार बाहेर येऊन उभा राहिला. ती रडत नव्हती, पण तिचा गळा लाल झाला होता. म्हणाली, "आणि सर पुढं काय म्हणाले ते माहितीये तुला? 'शेतात जा' एवढं ऐकलंस आणि फाडलास पेपर. ते म्हणत होते, शेतात जा आणि तिथलं लिही, हे गाईडमधलं नको. सगळ्या वर्गानं ऐकलं. तू सोडून."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"गेटवर तेच सांगत होते! तू ऐकशील तर ना?"

तिचे बाबा चपला घालून खाली आले. मला काही बोलले नाहीत. तिला म्हणाले, "चल वर." बस्स.

ती खोटं बोलत असेल. सर तसं म्हणाले असते तर मला ऐकू आलं असतं.

ओवेसनं घरी काहीतरी सांगितलं असणार. दादा जेवायला उठेपर्यंत बारदान शिवत होते. मला एक शब्द विचारला नाही. यांना काहीच कसं वाटत नाही?

रविवार, ७ डिसेंबर

वर्गाला गेलो नाही. सोडलं.

सोमवार, ८ डिसेंबर

ओवेस टेम्पो धूत होता. त्याला म्हटलं, "सोडलं मी." तो पाइप तसाच धरून राहिला.

"परत?"

"परत म्हणजे काय? एक मुलगी..."

"अरे मुलगी गेली तर मुलगी गेली ना. निबंध कुठं गेला? तो पण पुण्याला चालला का?"

मी त्याच्याकडचा पाइप हिसकावला. त्यानं ओलं फडकं माझ्या तोंडावर मारलं. दोघंही भिजलो. डिसेंबरातलं विहिरीचं पाणी, दातावर दात आपटायला लागले. मग तो म्हणाला, "तिची माफी मागितली का तू?"

"मी? कशाबद्दल?"

"बिल्डिंगखाली ओरडला त्याबद्दल. माझ्या बहिणीच्या, अफरीनच्या दारात कोणी असा ओरडला असता तर मी त्याला टेम्पोला बांधून पंचवटीपर्यंत आणला असता. तू यार आहे म्हणून धुतोय फक्त."



मंगळवार, ९ डिसेंबर

दादा दुपारी म्हणाले, "रविवारी गेला नाय?"

"नाही."

"बरं."

पुढं बोलतील म्हणून मी उभा राहिलो. दादा खुरपं घेऊन वाफ्यात गेले. मला असा संताप आला की तिथंच ठरवलं, यांच्यावरच लिहायचं. 'मी आणि माझे वडील.' एक अन्यायाला भिडणारा आणि एक मान खाली घालणारा. स्वतः पाहिलेलं हवंय ना? तेवीस वर्षं पाहतोय.

पॅडमधली माझी पानं फाडून घेतली. तिचं पान तसंच ठेवलं. माझा तिसरा रकाना मात्र खोडरबरानं पुसला. पेन्सिलनं होता ते बरं. पॅडवर चिठ्ठी लावली, 'पान वाचलं ते चुकलं. ओरडलो तेही.' आणि ओवेसकडं दिलं. त्याला नाशिक रोडची फेरी होती.

बुधवार, १० डिसेंबर

वेदिकाचा मेसेज: 'मिळालं.'

तीन अक्षरं. अकरा वेळा वाचली. त्यात राग आहे की नाही ते कळत नाही. टिंब दिलंय शेवटी.

गुरुवार, ११ डिसेंबर

तिसरा गुरुवार. दादा पुन्हा एकटे. दिवसभर लिहिलं.

दोन रकाने आखले. तिचीच पद्धत, दुसरी मला येत नाही. साम्याचे मुद्दे नुसते दोन-तीन लिहून सोडणार होतो, पण संपेनात. हाताची करंगळी दोघांचीही वाकडी. दोघंही फूल आधी उलटं करून देठ बघतो. चहात दोघांनाही साखर कमी. दोघंही झोपेत कूस बदलत नाही असं आई म्हणते. भेदाचा मुद्दा एकच निघाला, राग. पण त्यावर मी पानंच्या पानं लिहिली. तेराशे शब्द झाले. शंभर जास्त आहेत, बघू.

रकान्यांतलं एकच घर रिकामं राहिलं. तिचा शेवटचा मुद्दा मी मुद्दाम घेतला होता: समोरचा बोलताना थांबून ऐकतो का? दादांच्या रकान्यात 'हो' लिहिलं, ते सरळ आहे. मग माझ्या रकान्यावर पेन टेकवलं. बाजारातलं आठवलं, गेटवरचं आठवलं, जेलरोडचं आठवलं.

ते घर तसंच आहे.

शनिवार, १३ डिसेंबर

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

सकाळी दादा आणि मी शेवंती तोडत होतो. दादा म्हणाले, "झालं का तुझं?"

"झालं. उद्या द्यायचाय."

"कशावर हाय?"

माझ्या तोंडून निघून गेलं. "तुमच्यावर."

दादांनी हातातली फुलं पाटीत ठेवली. "वाच."

"इथं?"

"मंग काय गुरुजीच्या टेबलावर? वाच."

बांधावर बसून वाचला. वाचताना माझाच आवाज मला कसातरी ऐकू यायला लागला. 'माझ्या वडिलांना राग हा गुण मिळालेलाच नाही' हेसुद्धा वाचलं, थांबलो नाही. संपल्यावर दादांनी दोन-चार देठं मोडली.

"चांगलं लिव्हलंय," म्हणाले. "पर यात मी कुठंच बोललो नाय. माझं बी तूच बोललाय."

मी पानं आवरायला लागलो.

"मला राग येत नाय, हे कोणी सांगितलं तुला?"

"दिसतं ना."

"विचारलं कधी?"

मग मी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा. आणि त्यांनी सांगितलं. मधे बोलायचं नाही म्हणून मी मूठ आवळून बसलो होतो, हे खरं आहे.

"तू दीड वर्साचा व्हता. गोटीरामचा बाप तवा आडत्या. त्यानं आपला माल दोन नंबरात टाकला. मी त्याच्या जाळ्या लाथेनं उडवल्या, भर बाजारात. लय बरं वाटलं. घरापर्यंत बरं वाटलं. दुसऱ्या दिशी एक बी आडत्या आपलं फूल उतरून घेईना. आठ दिवस. शेवंती बांधावर टाकली, तिला ढोरं बी खाईनात. तुझी आई तुला कडेवर घेऊन, डोक्यावर पाटी घेऊन पंचवटीत दारोदार फिरली. एका बाईनं तिला विचारलं, नवरा काय करतो? ती म्हणली, रागावलाय."

दादा हसले. मला हसू आलं नाही.

"तवापासून राग आला का मी दाभण घेतो. दाभण हातात असलं म्हणजे हात दुसरीकडं जात नाय. तुझ्या आईला ठाव हाय. मी बारदान घेतलं का ती चहा टाकत नाय, जवळ येत नाय."

मी मनात दिवस मोजायला लागलो. गोटीरामचा मंगळवार. जेलरोडचा शुक्रवार.

"मग गुरुवारी मला बाजारात का नेलं नाहीत? भांडतो म्हणून?"

दादांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं एखाद्या येडपटाकडं बघतात. "लिवायचं व्हतं ना तुला."

दुपारपासून संध्याकाळपर्यंत दादांचं सगळं उतरवून काढलं. त्यांच्या शब्दांत, त्यांच्या बोलीत. दोनदा जाऊन विचारून आलो, पाटी पत्र्याची का वेताची, बाई पंचवटीत कुठली. निबंध एकोणीसशे शब्दांचा झाला. आणि ते रिकामं घरही भरलं. 'नाही' एवढंच लिहिलं, खाली कारण दिलं नाही.

रविवार, १४ डिसेंबर

साडेबाराला केंद्रावर पोचलो. रांग नव्हती. मॅडमनी पानांची जाडी बघितली.

"किती शब्द?"

"एकोणीसशे."

"मर्यादा?"

"मॅडम, आधी वाचा तरी. मग म्हणा."

"वाचलं आणि आवडलं तरी नियमानं परतच करावा लागेल. सातशे शब्द काढ. दोनपर्यंत आहे मी. खाडाखोड चालेल, वाचता आलं पाहिजे."

कानशिलं तापली. तीन आठवडे, आणि या बाई शब्द मोजतात! पानं माझ्या हातात होती आणि हात कुठं निघाला होता ते मला माहीत होतं. काकू शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, "पेन आहे का बाळा? माझं घे. माझी सासू-सून झाली जमा."

मी पेन घेतलं आणि जिन्याच्या पायरीवर जाऊन बसलो.

आधी दादांचंच काढायला गेलो. निबंध माझा आहे, नाव माझं लागणार आहे. 'तिला ढोरं बी खाईनात' यावर पेन टेकवलं. हे काढलं तर ती शेवंती आठ दिवस पडून कशी झाली होती ते कळत नाही. पुढं, 'ती म्हणली, रागावलाय.' हे काढलं तर आई निबंधातून जाते. दाभण काढलं तर काहीच उरत नाही. अर्धा तास गेला आणि फक्त एक 'लय' खोडला होता. तोही परत लिहिला.

मग माझ्या बाजूला आलो. मी अन्याय सहन करत नाही, यावर दीड पान. खोडलं. कोणकोणत्या आडत्याला काय काय सुनावलं त्याची यादी. खोडली. सरांनी माझा अपमान केला तो परिच्छेद वाचला. त्यात सरांचं अर्धंच वाक्य होतं. दुसरं अर्धं मी ऐकलेलं नाही, आणि न ऐकलेलं पाहिलेल्यात कसं धरायचं? तो पण गेला. वेदिकाचं नाव न घेता तिच्यावर दोन ओळी होत्या. त्या खोडायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

शब्द मोजले. अकराशे ब्याण्णव.

पहिल्यापासून वाचून बघितलं. माझं निम्म्याहून जास्त गेलं होतं आणि कुठंच अडखळायला होत नव्हतं.

दोनला दहा कमी असताना दिला.